उलट बसलेली कॅप

बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर आमचं. जिथे देवच मानत नाही तिथे भुतं कुठून येणार, असं मी ठणकावून सांगायचे. आजही सांगते... फक्त हा एक अनुभव सोडून.

ऐंशीच्या दशकाची अखेर. बदलापूर पूर्वेला, शिरगावच्या रस्त्यावर आमची पत्र्याची शेड होती. डिझेल इंजिनं खोलून पुन्हा बांधायची. पिस्टनला रिंगा चढवणं, तेल लावणं माझ्याकडे. पण कनेक्टिंग रॉड क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, बसवायचे ते आमचे हेच. रॉडचा खालचा अर्धा भाग, म्हणजे कॅप, वेगळा निघतो. दोन्हींवरही आकडा असतो, आणि दोन्ही आकडे एकाच बाजूला यावे लागतात. नाहीतर क्रँक जाम. "आपल्या भांडणासारखं नको," हे हसायचे, "एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे!"

दिवाळीच्या तोंडावर काविळीचं निमित्त झालं आणि हे गेले. यांनी खोललेलं शेवटचं इंजिन शेडमध्ये तसंच पडून होतं – बारवीकडच्या भातगिरणीचं. गिरणीवाले आले, अवघडून म्हणाले, "वयनी, भात खल्यान परलाय. इंजिन दुसरीकरं नेऊ का?"

"नाही. मीच बांधणार."

यांचं अर्धं राहिलेलं काम परक्या हाताने पुरं व्हावं, हे मला सोसवेना.

दुपारी बसले. डोळ्यांना धार लागलेली, आकडे कसले दिसतायत! नट आवळले तर क्रँक हलेना. पाहिलं – कॅप उलट. पाना टाकला, शेडला कुलूप घातलं आणि घरी जाऊन पोटभर रडले.

ऊन कलायच्या आत परत आले. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्याच कमरेला. क्रँकला हात लावला... अलगद फिरला! कॅप सुलट. आणि नट नुसते बोटांनी लावलेले. हे कायम तसंच करायचे – "आवळ, तुझाही हात लागू दे," म्हणत शेवटचा पीळ माझ्यासाठी ठेवायचे. मी पाना उचलला आणि तो शेवटचा पीळ दिला.

गिरणी सुरू झाली. दीर म्हणाले, "वहिनी, दुःखात तुम्हीच बसवली असेल, आठवत नसेल." असेलही.

पण पुढच्या इंजिनाला मी मुद्दाम कॅप उलट बसवली. "अहो, चुकलं बघा माझं," म्हटलं, कुलूप लावलं आणि घरी जाऊन वाट बघत राहिले.

परत आले तर क्रँक जामच. हे खरंच गेले, ते मला त्या दिवशी पटलं. पाना घेतला आणि मीच ती कॅप सुलट केली.