घरमालकांची दुसरी प्रत

आमच्या घरमालक काकांइतका संशयी माणूस भिवंडी तालुक्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेलच तर त्याच्यावर यांचा विश्वास बसला नसता. नारळ घेताना ते तो स्वतः कानाशी हलवत, मग नारळवाल्याला हलवायला लावत, आणि शेवटी शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं मत घेत. दाराला कुलूप घातलं की ओढून बघत, आणि मग जिन्याखालून मला हाक मारत, "तू पण जरा ओढून बघ रं." घरात प्रत्येक वस्तूची जोडी होती. दोन शेगड्या, दोन चष्मे, पाण्याचे दोन पंप, इतकंच काय, देव्हाऱ्यात गणपतीही दोन. "एका बैलानं कवा नांगर चाललाय काय?" असं ते मलाच उलट विचारत. माणूस मात्र घरात एकच होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन बडोद्याला होती. कामतघरच्या त्या गल्लीत दिवसभर कापडाच्या लूमचा असा खडखडाट चाले की त्यांच्या घरातली शांतता कुणाला ऐकूच येत नसे. वीज गेली आणि लूम थांबले, की तेव्हाच ती कळायची. मग काका बाहेर येऊन वर तोंड करून विचारत, "तुझ्याकडं पण गेली काय?" दोघांचा मीटर एकच होता.

मी मूळचा कराडकडचा. पूर्णा गावातल्या एका गोदामात मालाची आवक-जावक कंप्युटरवर चढवायचं काम करायचो आणि काकांच्या वरच्या खोलीत एकटा राहायचो. मी कंप्युटरवर बसतो एवढं कळताच काकांनी मला त्या विषयातला जाणकार ठरवून टाकलं. त्यांना शौक होता व्हिडिओ काढण्याचा. तरुणपणी भाताच्या पैशातून त्यांनी कॅमेरा घेतला होता आणि नात्यागोत्यातली झाडून सगळी लग्नं, हळदी, बारशी त्यांनी हौसेनं टिपली होती. फुकट. फक्त मधे कोण आलं की ओरडत, "जरा बाजूला व्हा!" त्या सगळ्या कॅसेट त्यांनी खटपट करून कंप्युटरवर घेतल्या होत्या. गावभरची माणसं त्यात होती. काका एकाही चित्रात नव्हते, नुसता आवाज होता.

एका रविवारी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, कंप्युटर बंद पडला तर सगळं जाईल. बाहेरची डिस्क घ्या आणि बॅकअप ठेवा." झालं. डिस्क घ्यायला गेलो तर काकांनी दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की तो हात जोडून म्हणाला, "चाचा, डिस्क लेनी है या रिश्ता करना है?" काकांनी अर्थातच दोन घेतल्या. आता प्रश्न उरला, त्यात सगळं भरणारं सॉफ्टवेअर कुठलं निवडायचं.

हा प्रश्न पावसाळा संपून थंडी आली तरी सुटला नाही. संध्याकाळी मी ड्युटीवरून आलो की खाली चहा तयार असे आणि पडद्यावर नवीन सॉफ्टवेअर. फुकट वापराची मुदत संपेपर्यंत काका त्याची उलटतपासणी घेत. एक सॉफ्टवेअर पहिल्यांदा सगळं घ्यायचं आणि पुढे जेवढं बदललं तेवढंच. काका म्हणाले, "आपल्याकडं तर काय बदलतच न्हाय. मंग हा बसून खाणार." दुसरं हुबेहूब प्रत ठेवायचं, इथलं पुसलं की तिथलंही पुसायचं. "हा आमच्या धाकट्या भावासारखा. मी एक चूक केली, की तीच तो तिकडं करणार." तिसरं सगळ्याची मिळून एकच गठडी बांधायचं, जी त्याच्याशिवाय कुणाला सुटत नसे. "घर माझं नि चावी त्याची?" एकदा मीच सुचवलं, इंटरनेटवर ठेवू, दूर कुठे तरी सुरक्षित राहील. काका म्हणाले, "पूर्ण्याची जमीन गोदामांना दिली. आता माझं सामान मी दुसऱ्याच्या गोदामात ठेवू, आणि वर भाडं मीच भरू?"

त्या जमिनीवरूनच धाकट्या भावाशी त्यांचं फाटलं होतं. कोण बरोबर, कोण चूक, हे मला कधी नीट कळलं नाही. भाऊ दिघाशीला सासुरवाडीच्या गावी शेती करून राहायला गेला आणि दोघांत बोलणं उरलं नाही.

शेवटी एक सॉफ्टवेअर त्यातल्या त्यात पसंत पडलं. सगळं डिस्कवर गेलं, पडद्यावर हिरवी खूणही आली. पण नुसत्या खुणेवर विश्वास ठेवतील तर ते काका कसले! "ठेवलेलं परत देतो का, ते बघायला पायजे. एक लग्न पुसून बघू." मी म्हटलं, आधी दुसरीकडे एक प्रत करून ठेवू. "मंग ती परीक्षा कसली? उत्तर खिशात ठेवून पेपर लिवायचा?" आणि कुठलं लग्न पुसायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. धाकट्याचं. "गेलं तरी चालंल," म्हणाले, आणि कचऱ्याच्या डब्यातही उरणार नाही अशा बेतानं त्यांनी ते कायमचं पुसलं.

परत मागितलं तर आलं नाही. डिस्क अशा पद्धतीनं तयार केलेली होती की फार मोठ्या फाइली तिच्यावर बसत नव्हत्या, आणि सॉफ्टवेअरनं त्या मुकाट्यानं वगळल्या होत्या. वर हिरवी खूण दिली होती ती वेगळीच. मी पुसलेल्या फाइली शोधायची खटपट केली. नाव सापडलं, आत काही नव्हतं. काका खुर्चीत मागे रेलले. रागावले नाहीत. म्हणाले, "तिनं त्यात पुरा धवला म्हटला होता रं."

त्यांची बायको धवलारीण होती, लग्नात विधींची गाणी म्हणणारी. तिला गायला कितीतरी घरांतून बोलावणं असे. पण बाकीच्या लग्नांत गर्दीआड ती चित्रात दिसायचीच नाही. दिराच्या लग्नात ती अगदी कॅमेऱ्यासमोर बसली होती. हे काकांना पुसून झाल्यावर आठवलं.

मूळ कॅसेट भावाला दिलेली होती. त्या रविवारी काका धुतलेला सदरा घालून जिन्याशी उभे राहिले. "दिघाशीला सोडशील काय?" मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. भाऊ ओट्यावर वाल सोलत बसला होता. उठला नाही.

"मला बघाया आला का कॅशेट न्यायाला?" आम्ही कशासाठी आलो ते कळल्यावर त्यानं विचारलं.

"कॅशेट न्यायाला," काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे.

भावाचे हात थांबले. मग तो हसायलाच लागला. "कॅशेट कवाच बुरशी लागून गेली. पण त्याच्या आधीच आमच्या हिनं तिच्या भाच्याकडून ती मोबाइलवर उतरवून घेतली. घरच्या ग्रुपात टाकलं तिनं. सगल्यांकडं हाय. बडोद्याला पोरीकडं पण हाय. तूच तर ग्रुपातनं निघून गेला!"

एवढ्यात भावाची बायको आतून पाणी घेऊन आली, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "दादा, बसा तरी," आणि तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. मांडवात त्यांची बायको मांडी घालून गात होती. मधेच तिनं गाणं न थांबवता कॅमेऱ्याकडे डोळे वटारले आणि हातानं खूण केली, पुरे आता.

"बघ," भाऊ म्हणाला, "अजून दटावते तुला."

काकांनी मोबाइल खाली ठेवला नाही. संपलं की पुन्हा पहिल्यापासून लावायचे. भाऊ मात्र एकदा बघून परत वाल सोलू लागला, आणि जरा वेळानं त्यानं सूप दोघांच्या मधे सरकवलं. काका एका हातानं मोबाइल धरून दुसऱ्या हातानं शेंगा सोलू लागले. जमिनीचा विषय कुणी काढला नाही.

नंतर आम्ही दोन्ही डिस्क नव्यानं तयार केल्या आणि सगळं अगदी साध्या रीतीनं, हातानं उतरवून घेतलं. पुढच्याच वर्षी माझी बदली नागपूरच्या गोदामात झाली. निघताना काकांनी दुसरी डिस्क फडक्यात गुंडाळून माझ्या बॅगेत घातली. म्हणाले, घराला आग लागली तर घरातल्या दोन्ही जातील, एक लांब असलेली बरी. माझ्यावर त्यांचा विश्वास कधी बसला, हे मला त्यांनी सांगितलं नाही.

अधूनमधून त्यांचा फोन येतो. "लावून बघ रं, उघडते काय?" मी इथल्या भाड्याच्या खोलीत डिस्क लावतो, एखादं लग्न उघडतो. कोण दिसतंय, ते विचारतात. मी सांगतो, पिवळ्या साडीतली एक म्हातारी आहे, रडणारं एक पोर आहे. ते एकेकाचं नाव सांगतात, आणि बहुतेकांच्या नावापुढे "गेली", "गेला" असं हळूच जोडतात. मागच्या वेळी म्हणाले, "आवाज जरा मोठा कर." मी फोन स्पीकरजवळ धरला. कुणाची तरी वरात निघाली होती, बँड वाजत होता. त्या नवरा-नवरीला मी ओळखत नाही, आणि काकांनीही या वेळी नावं सांगितली नाहीत. बँड लांब जाईपर्यंत आम्ही दोघंही फोन धरून होतो.