आईंची पांढरी साडी आणि माझी साधी राहणी

साध्या राहणीवरची पुस्तकं ठेवायला आम्हाला नवीन कपाट घ्यावं लागलं. लोखंडी, दोन दारांचं, आरशासकट.

ह्याला सर्वस्वी मीच जबाबदार आहे. शाळेतून निवृत्त झाले आणि मला विश्वासावरच्या पुस्तकांचा नाद लागला. सकाळची प्रार्थना झाली की चहा, आणि चहाबरोबर एक प्रकरण. देवावर भार कसा टाकावा, राग कसा आवरावा, दुसऱ्याचं शांतपणे कसं ऐकून घ्यावं, असलं सगळं मी वाचत होते. थोड्यात समाधान कसं मानावं ह्यावरचीच डझनभर होती. (एकात समाधान होईना म्हणून दुसरं घ्यायचे.) आमचे हे कपाटासमोरून जाताना काही बोलत नसत, फक्त थोडं अंग चोरून जात, कारण कपाट आल्यापासून तिथून सरळ जाता येत नव्हतं.

त्यातल्या एका पुस्तकानं माझा घात केला. त्यात एक नियम होता: ज्या वस्तूचा वर्षभरात उपयोग झाला नाही ती आपली नाहीच, देवानं ती दुसऱ्या कुणासाठी आपल्याकडे नुसती ठेवायला दिली आहे. वाचून मी हादरले! म्हणजे माझं अर्धं घर दुसऱ्याचंच होतं. त्या रविवारी मी चर्चच्या भगिनी मंडळात ह्यावर असं काही बोलले की दोघीतिघींनी डोळे पुसले. "बायांनो, मूठ उघडा," असं मी म्हणाले. हे वाक्य पुढे माझ्याच अंगावर येणार होतं, पण तेव्हा ते मला फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला. दिवस हंगामाच्या सणाचे होते. भातकापणी उरकली की आमच्या चर्चमध्ये हा सण होतो. ज्याच्याकडे जे पिकतं ते त्यानं देवाला आणायचं, भात, नारळ, पडवळ, एखादी कोंबडी. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. आपण आणलेला भोपळा आपणच चढ्या बोलीनं परत घ्यायचा आणि तो मिरवत घरी न्यायचा, अशी आमची रीत आहे. ज्यांना शेत नाही ते घरातली एखादी चांगली वस्तू आणतात. आम्हाला शेत नव्हतं, पण वस्तू मात्र रग्गड होत्या.

ह्यांची मासे गरवायची काठी मी पहिल्यांदा बाहेर काढली. निवृत्त झाल्यावर रोज जेटीवर जाणार म्हणून घेतलेली, आणि वर्षभर दाराआड उभी. मग न वापरलेले डिनर सेट, दोन इस्त्र्या, आणि शेवटी सासूबाईंची पत्र्याची पेटी.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सोनाबाई, तेव्हा सावर्ड्याला माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या. पणतू झाला होता, त्याला बघायला. पेटी त्यांच्या खाटेखाली असते. मी ती ओढली, उघडली आणि थक्क झाले. तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक पांढरीशुभ्र रेशमी साडी, बारीक जरीच्या काठाची. घडीसुद्धा मोडलेली नाही! वर्षभर काय, ही साडी कधी कुणी नेसलेलीच नव्हती. आई तर फुलाफुलांच्या सुती साड्या नेसायच्या. देवानं ही दुसऱ्या कुणासाठी ठेवलेली आहे ह्याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. आईंना फोन करून विचारावं असंही मनात आलं, पण त्यांना ऐकू कमी येतं आणि मला घाई होती.

लिलावात साडीनं धमाल केली. डेव्हिडकाका आमच्या चर्चचे पंच, दरवर्षी तेच लिलाव पुकारतात. त्यांनी साडी हातावर पसरली आणि बायकांच्या रांगेतून नुसता सुस्कारा उठला. शेवटी ती घेतली एस्तेरबाईंनी. ह्या आईंच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण, म्हणजे गेली सत्तर वर्षं एकमेकींचं काहीही चालवून न घेणाऱ्या. आमच्या ह्यांनी आपली काठी स्वतःच बोली लावून परत घेतली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र रिकाम्या हातानं, हलक्या मनानं घरी आले.

आई आल्या त्या मंगळवारी. बुधवारी सकाळी कडक ऊन पडलं. पावसाळाभर ओल खाल्लेले कपडे आमच्याकडे ह्याच दिवसांत उन्हाला काढतात. आईंनी पेटी ओढल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. 

"सुमन," आई म्हणाल्या, "माझी साडी कुठं गो?"

मी हात पुसत गेले आणि आनंदानं सगळं सांगितलं. नियम, लिलाव, बायकांचा सुस्कारा. आई खाटेवर टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मला पाण्याचा तांब्या आणायला धावावं लागलं.

"ती माझ्या मातीची साडी," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. आमच्या जुन्या बायका आपल्या मातीची साडी स्वतःच निवडून ठेवतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या आजीनं ठेवली होती. माझ्या आईनं ठेवली होती. भगिनी मंडळातल्या निम्म्या बायकांनी ठेवलेली आहे. पांढरी, रेशमी, न नेसलेली, खाटेखालच्या पेटीत तळाला. साऱ्या रत्नागिरीत ती साडी बघून न ओळखणारी ख्रिस्ती सून मी एकटीच निघाले!

"तुझ्या सासऱ्यांनी आणलेली," आई सांगत होत्या. "लग्नाला पन्नास वर्षं व्हायची होती ना, त्या दिवशी नेसायला. त्याच्याआधीच ते गेले. मी म्हटलं, आता ही नेसूनच त्यांच्याकडे जाईन." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "आता मी तिकडं काय नेसून जाऊ?"

मला रडू कोसळलं. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती. मी आईंचे पाय धरले आणि तिथल्या तिथे रिक्षा बोलावली.

एस्तेरबाईंनी दार उघडलं, आम्हा दोघींचे चेहरे बघितले आणि म्हणाल्या, "सोने, तुझी होती होय? मला वाटलंच. सुमनकडे एवढी चांगली साडी कुठली असायला."

"मग दे," आई म्हणाल्या.

"कशी देऊ? मी माझ्या मातीसाठी घेतलीय."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. एक साडी, दोन म्हाताऱ्या, आणि दोघींना ती नेसूनच जायचं!

"तुला अजून अवकाश हाय," एस्तेरबाई म्हणाल्या. "तुला तर साधी साखर पण नाय."

"साखर हाय मला," आई म्हणाल्या.

ह्यानंतर जे झालं ते ऐकून मी सुन्नच झाले. घरी 'मला काही होत नाही' ह्यापलीकडे कधी न बोललेल्या आमच्या आई आपली दुखणी एकेक करून पुढे टाकू लागल्या. एस्तेरबाईंनी रक्तदाब काढला, आईंनी गुडघे काढले. एस्तेरबाईंनी मोतीबिंदू सांगितला, तर आईंनी गेल्या महिन्यात न्हाणीघरात दोनदा चक्कर आल्याचं सांगितलं. (हे मी पहिल्यांदाच ऐकत होते!) आपण आधी जाणार हे सिद्ध करायला दोघींनी कंबर कसली होती. मी मध्येच "असं अभद्र काय बोलता" म्हणाले, तर दोघींनी मिळून मला गप्प बसवलं.

शेवटी एस्तेरबाईंनी चहा ठेवला आणि निकाल दिला. साडी त्यांनी देवाच्या अंगणातून घेतली होती. ती अशी घरच्या घरी परत केली तर देवाला दिलेलं माघारी घेतल्यासारखं होईल. सणाच्या दिवशी उरलेल्या वस्तूंचा लिलाव येत्या रविवारी होताच. साडी त्यात पुन्हा जाईल. "आणि तुझ्या सुनेनं ती सगळ्यांसमोर सोडवावी," त्या आईंना म्हणाल्या. आईंनी एका क्षणात मान हलवली. सत्तर वर्षांत त्या दोघींचं एकमत झालेलं मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

रविवारपर्यंत मला झोप नाही. आईंना डॉक्टरकडे नेलं, ते चक्कर प्रकरण गोळीवर निभावलं. पण साडी? तिसऱ्याच कुणी घेतली तर? आई रोज पेटीतलं ते धोतराचं फडकं काढून पुन्हा नीट घडी घालून ठेवत होत्या, आणि मला ते बघवत नव्हतं.

रविवारी सगळं चर्च अंगणात थांबलं. नेहमी उरलेल्या वस्तूंच्या लिलावाला चार माणसं असतात. त्या दिवशी पाळकसाहेबांच्या घरच्यांनी खुर्च्या बाहेर आणून टाकल्या. डेव्हिडकाकांनी साडी हातावर घेतली. मी हात वर केला. आत्ताआत्तापर्यंत मूठ उघडा म्हणून सांगणारी बाई आता पर्स उघडून उभी होती आणि बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. हसोत बापड्या. पण माझ्यावर बोली चढली! मी वाढवली. पुन्हा चढली. मागे वळून बघते तर काय, बोली लावणारे आमचे हे!

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" मी दबक्या आवाजात म्हणाले.

"पैसे चर्चच्याच कामाला येतील," हे शांतपणे म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हात वर केला. काठीचं उट्टं निघत होतं. एकाच घरातले नवराबायको एकाच साडीसाठी एकमेकांवर बोली लावतायत हे आमच्या चर्चनं आजवर बघितलं नव्हतं. डेव्हिडकाकांना तर घाईच नव्हती. माझी पर्स पार रिकामी व्हायला आली तेव्हा कुठे ह्यांना दया आली. साडी मला मिळाली. मी ती नेऊन आईंच्या मांडीवर ठेवली. आईंनी ती गालाला लावली, आणि मला वाटलं, सुटले.

"आता शेवटची वस्तू," डेव्हिडकाका म्हणाले. "आपल्या सोनाबाईंकडून."

दोन गोणपाटं आली. काकांनी तोंड सोडलं आणि मी जागच्या जागी गार झाले. माझी पुस्तकं! देवावर भार टाकण्याची, राग आवरण्याची, थोड्यात समाधानाची, सगळी. ह्यांनी सकाळी रिक्षात काय चढवलं ते मला आत्ता कळलं.

"तुझाच नियम गो," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "वर्षभरात उपयोग झाला नाय ती वस्तू आपली नाय."

"आई, मी सगळी वाचलीयत. काही तर दोनदा."

"वाचलीस गो. मी उपयोग म्हटलं."

 डेव्हिडकाकांनी पुकारा केला. माझी पर्स रिकामी, म्हणून मी इकडेतिकडे बघत राहिले, कुणीतरी सुज्ञ माणूस हात वर करील. कुणी केला नाही. पडवळाला बोली लावणारं, रापलेल्या भोपळ्यावर भांडणारं आमचं चर्च माझ्या पुस्तकांकडे बघायलाही तयार नव्हतं. काकांनी पुन्हा पुकारलं. शेवटी आईंनीच हात वर केला.

"दोन नारळ," त्या म्हणाल्या.

दोन नारळांना माझी सगळी आध्यात्मिक वाढ गेली, आणि काकांनी सुटकेचा श्वास सोडला.

घरी आल्यावर आईंनी पेटी ओढली. आमच्याकडे जमीन ओल धरते आणि पत्र्याच्या पेटीचा तळ गंजतो. गंजाचा डाग साडीला लागला की तो जन्मात जात नाही. आईंनी माझी पुस्तकं पेटीत एकाशेजारी एक अशी बेतानं लावली, जाड खाली, बारीक वर, त्यावर धोतराचं फडकं आणि फडक्यावर साडी. जी उरली ती खाटेच्या पायांखाली गेली. आरशाच्या कपाटात आता ह्यांच्या काठ्या असतात, कारण एकीच्या आता तीन झाल्यात. आईंची साखर आणि चक्कर दोन्ही काबूत आहेत आणि एस्तेरबाईंनी स्वतःसाठी नवी साडी घेतलीय, आईंच्या साडीपेक्षा काठ बोटभर रुंद. दोघींपैकी कुणालाही जायची घाई दिसत नाही.

परवा मी ती पेटी उघडून बघितली. (आईंना विचारून!) यंदा एवढा पाऊस होऊनही तळाची ओल वर आली नव्हती. साडी अगदी कोरडी होती. माझ्या वाचनाचा आमच्या घराला झालेला हा पहिला उपयोग.