अकरा जणींचा एकच काबा

मी शिंपीण आहे. कुमासीच्या बान्तामा बाजारात औषधाच्या दुकानाला लागून माझा लोखंडी खोका आहे, आत तीन मशिनी. आमच्या धंद्यात मोठं पाप एकच. एका गिऱ्हाइकाने गुपचूप निवडलेली फॅशन तिने ती अंगावर घालण्याआधी दुसरीला शिवून द्यायची. ते पाप मी केलं. एकदा नाही, दहा वेळा केलं, आणि प्रत्येक वेळी हुक लावताना गुणगुणत होते.

ज्या मुलीसाठी केलं ती डुफी. समोरच्या बँकेत काउंटरवर बसायची. तिच्याकडे ब्लाउज चारच, पण इस्त्री अशी की मीसुद्धा बघत राहायची. सोमवार ते गुरुवार सरळ स्कर्ट, शुक्रवारी आपल्याकडचं छापील कापड. कॉलर नेहमी ताठ, नखं स्वच्छ. "सिस्टर फ्रेमा, माणूस माझ्याकडे पैसे देतो ना, तो आधी माझी कॉलर बघतो," असं म्हणायची. तिचे कपडे तिची आई मापून शिवून द्यायची. आई माझ्याच हाताखाली शिकलेली होती, म्हणून पोरगी मला घरची.

मागच्या एप्रिलमध्ये आई गेली. आमच्याकडे मुलगी आईसाठी वर्षभर काळं घालते. डुफीने दोन काळे ब्लाउज शिवून घेतले, साधे, बटणंसुद्धा काळी, आणि चाळिसावा उरकून कामावर गेली.

बँकेच्या मॅनेजर होत्या मॅडम अग्येइवा. बाई देखणी आणि तिला ते पाठ होतं. डुफीला बघताच सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "हे काय? लोक इथे पैसे ठेवायला येतात, मयताला नाही. काढ ते."

"मॅडम, माझी आई..."

"आया सगळ्यांनाच असतात. कपाटात जाहिरातीचे शर्ट आहेत. घाल एक."

शर्ट पिवळाधमक होता. छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खातं उघडा, हसत राहा.' डुफी तो घालून दिवसभर काउंटरवर बसली, दुसऱ्या दिवशीही, पुढचे सगळे महिनेही. तिच्या आईच्या मातीला आलेली माणसं तिच्याकडे पैसे भरायला येत होती. तिची मावशी आली, शर्टाकडे पाहिलं आणि पावती न घेताच निघून गेली. जाता जाता एवढंच बोलली, "लवकर विसरलीस गं."

त्या संध्याकाळी डुफी माझ्या स्टुलावर बसून रडली नाही. मला भीती वाटली ती त्याचीच. म्हणाली, "सिस्टर, माझ्या अंगावरचं तिने चारचौघांत उतरवलं. मीही तिचं उतरवीन. चारचौघांतच."

तेव्हापासून ती वाट बघत होती आणि मीही. मॅडमचा मला वेगळा राग होता. नऊ वर्षं त्यांचं शिवलं, एकदा कौतुकाचा शब्द नाही. माप घेताना माझा हात लागला तर रुमालाने पुसायच्या.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये बँकेच्या शाखेला पंचवीस वर्षं झाली. जांभळ्या-सोनेरी कापडावर बँकेचं चिन्ह छापून आलं, काउंटरवरच्या आणि अधिकारी बायकांना सहा-सहा वार मिळालं. कापड सगळ्यांचं एकच असतं, ईर्ष्या असते ती शिलाईत. मॅडम रात्र पडल्यावर माझ्याकडे आल्या. दार लावून घेतलं आणि पर्समधून एक चित्र काढलं. काबा, म्हणजे वरचं झंपर, एका खांद्यावर पंख्यासारख्या चुण्या, कोपराशी फुग्याची बाही. खाली घोट्यापर्यंत घट्ट स्कर्ट.

"राजधानीतून, अक्राहून मोठे साहेब येणार आहेत. ही बाही दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसली तर तुझा खोका उचलून फेकीन. कागदी कटिंग माझ्यासमोर जाळायचं."

मी जाळलं. जाळलं ते कुणा शाळामास्तरणीच्या पेटीकोटाचं. मॅडमचं कटिंग गादीखाली होतं.

डुफी आठ जणींकडे गेली. समजवावं लागलं नाही, मॅडमने कधी ना कधी प्रत्येकीचा पाणउतारा केला होता, प्रत्येकीकडे आपापला पिवळा शर्ट होताच. डुफी धरून नऊ झाल्या, दहावी होती आंटी पोमा, बँकेत झाडू मारणारी. तिला कापड मिळालं नव्हतं, ते डुफीने स्वतःच्या पैशांनी आणलं. अंगावर चढवून बघताना पोमा वाकून उभी राहायची, वीस वर्षांची सवय. डुफी तिच्या खांद्यांना धरून म्हणायची, "आंटी, मान वर. खांदे मागे. पाय मोजून टाका. तुम्हाला कुठेही पोचायची घाई नाही, लोकच तुमची वाट बघतायत असं चाला."

"मला हसतील गं."

"हसू देत. तुम्ही मात्र हसू नका."

पोमा तीन आठवडे माझ्या खोक्यापासून पाणपोईपर्यंत चालली. शेवटी शेवटी रस्त्यातली पोरं बाजूला व्हायला लागली.

समारंभ शनिवारी ठेवला. मांडवात खुर्च्या, पहिल्या रांगेत आमच्या भागाच्या राणीमाता, म्हणजे मानाच्या प्रमुख बाई, आणि मोठी माणसं. दारात दहा जणी ओळीने स्वागताला. सगळ्यांच्या खांद्यावर पंखा, सगळ्यांच्या कोपराशी फुगा. ओळीच्या तोंडाशी पोमा. मी समोर संत्रीवालीच्या छत्रीखाली उभी होते.

मोठे साहेब गाडीतून उतरले, सरळ पोमाकडे गेले आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "मॅडम अग्येइवा! फोनवर इतकं बोललो, आज दर्शन झालं."

त्याच वेळी मॅडमची गाडी आली. ड्रायव्हरने आधी त्यांच्या म्हाताऱ्या आईला उतरवून खुर्चीत बसवलं, मग मॅडमसाठी दार उघडलं. त्या उतरल्या, हसल्या, आणि हसू तोंडावरच राहिलं. नजर एका बाहीवरून दुसऱ्या बाहीवर जात होती.

पोमा म्हणाली, "साहेब, मी झाडू मारते. मॅडम त्या."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. पुन्हा ओळीकडे पाहिलं. "त्या म्हणजे कोणत्या?"

हसू आधी मांडवात फुटलं, मग रस्त्यावर. देवाशपथ सांगते, इतका गोड आवाज मी चर्चमध्येही ऐकलेला नाही.

मॅडम सरळ आत गेल्या. झाडूवालीसारखं दिसण्यापेक्षा काहीही चालेल, असा त्यांचा स्वभाव. केबिनच्या कपाटात मी शिवलेला एक सूट कायम टांगलेला असे, तपासणीच्या दिवसांसाठी. तो घालून त्या ताठ मानेने बाहेर आल्या. शिवण सुंदर होती, माझीच. पण सूट काळा होता आणि वार शनिवार. शनिवारी कुमासीत काळं घातलेली बाई मयताहूनच येते, दुसरीकडून नाही.

राणीमाता उठल्या आणि त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला. "अरेरे, पोरी. कोण गेलं? आई का?"

पहिल्या रांगेतून मॅडमच्या आईचा आवाज आला, "मी इथे बसलेय की!"

काठी टेकत म्हातारी उठली. "माझ्या डोळ्यांदेखत माझ्यासाठी काळं घालतेस? जा घरी. काढ ते."

पन्नाशीची मॅनेजर, मोठ्या साहेबांसमोर, आईच्या शब्दासरशी दहा पंख्यांमधून गाडीकडे चालत गेली. मला दया आली का? नाही. अजूनही येत नाही.

म्हातारीचा तोल जात होता. डुफीच पुढे झाली. तिने हात धरून तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हातारीने तिचा हात सोडला नाही. खांद्यावरच्या चुण्यांवरून बोटं फिरवत म्हणाली, "किती नीटस राहतेस गं. तुझ्या आईला अभिमान वाटत असेल."

"माझी आई गेली, आजी. मागच्या एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये? तू माझ्या मुलीच्या हाताखाली आहेस ना? मग मला कुणी कळवलं कसं नाही? मी आले असते. आणि वर्षही झालं नाही, तुझ्या अंगावर काळं कसं नाही?"

मला वाटलं, आता तरी पोरगी रडेल. ती खाली वाकली, म्हातारीची शाल सारखी केली आणि अगदी काउंटरवरच्या आवाजात म्हणाली, "ते तुमच्या मुलीला विचारा, आजी."

गाडी सुरू झालेली ऐकू येत होती. आईला न्यायला मॅडमना परत यावंच लागणार होतं. म्हातारीने खुर्ची दाराकडे वळवून घेतली आणि काठी मांडीवर आडवी ठेवून बसून राहिली.