बी साइडवरचा आवाज

ती कॅसेट टेपने खाल्ली नव्हती, मी पुसली होती, आणि मित्राशी खोटं बोललो होतो. मागच्या महिन्यात दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या कापसाने पुसायचो ते दिवस आठवले. धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात आमचा चौघांचा रॉक बँड होता. कॅसेटच्या ए साइडला आम्ही वाजवलेली परदेशी बँडची गाणी होती, नीटनेटकी आणि निर्जीव. बी साइडला बँडमधल्या त्याच मित्राने घरच्या स्वयंपाकघरात एकट्याने गायलेला स्वतःच्या गाण्याचा डेमो होता. गिटार बेसूर, मागे स्टोव्हची घरघर, आणि मध्येच त्याची आई, "भाकर थंडी व्हयनी रे, तुन्हं गानं सरनं का नही?" आम्हाला सगळ्यांत तेच आवडायचं. ते पुसलं जाऊ नये म्हणून त्याने कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी कोरी कॅसेट मिळेना, ए साइडची गाणी तर गॅदरिंगला हवी होती, तेव्हा पुन्हा रेकॉर्ड व्हावं म्हणून मी तुकडा मोडलेल्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि आणखी एका परदेशी गाण्याची माझी नक्कल बी साइडवर भरली. वर्षभरात त्याची आई गेली. दिवसकार्य झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, ती कॅसेट दे ना. आईचा आवाज दुसऱ्या कशातच नाही." मी म्हणालो, "टेपने खाल्ली रे." "जाऊ दे, त्यात तुझा काय दोष," म्हणत त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. गेल्या रविवारी मी जळगावला, मेहरूणच्या त्याच्या घरी गेलो, सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुझ्या आईचा आवाज मी पुसला. मला माफ कर."