खिळ्यावरच्या किल्ल्या

आता चेतनची किल्ली कोण काढून घेणार, हा प्रश्न श्यामलाबाईंच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. तात्यारावांचं 'मोरणा' आज बंद होत होतं. निरोपाच्या जेवणाला जुनी पोरं जमली होती, त्यात त्यांचा मुलगा चेतनही होता. तिथलं आटोपलं की तो इकडे येणार, पूर्वाला गाडीत घालणार आणि धायरीला आपल्या घरी नेणार. सहा वर्षांची पूर्वा तर केव्हाच बूट घालून दारात बसली होती.

"आजी, बाबा कधी येणार?"

"येईल. खिचडी खाऊन जा म्हणजे झालं."

"मला भूक नाहीये. गाडीत पुढे बसायचंय."

सून कल्याणी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेली होती. ती गेल्यापासून पूर्वा शाळेतून आजीकडे सदाशिव पेठेत यायची आणि हिंजवडीहून सुटला की चेतन तिला घेऊन जायचा. हल्ली पुष्कळदा तो रिक्षाने यायचा. गाडी सर्व्हिसिंगला आहे, बॅटरी उतरलीय, काहीतरी असायचंच. श्यामलाबाईंनी जास्त विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

'मोरणा' म्हणजे परमिट रूम. कॉलेजच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून. दाराला मळकट हिरवा पडदा. श्यामलाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. येता-जाता त्या पडद्याकडे बघायला नको म्हणून त्यांनी कित्येक वर्षं पलीकडचा फूटपाथ धरला. तरी आतलं सगळं त्यांना ठाऊक होतं. पेठेतल्या सगळ्याच आयांना ठाऊक होतं.

तात्याराव मूळचे धायरीचे, धायरी गाव होतं तेव्हाचे. तरुणपणी मार्केट यार्डात हमाली केली. पाठ धरली तेव्हा एका शेट्टींच्या हॉटेलात वेटर झाले, आणि शेट्टी गावाला परतले तेव्हा तेच हॉटेल चालवायला घेतलं. स्वयंपाकघर बायको इंदुबाईंकडे. स्वतः तात्याराव थेंबाला शिवत नसत. त्यांचा नियम एकच होता. आत आलेल्या पोराने गाडीची किल्ली आधी गल्ल्यावर द्यायची. तात्याराव ती मागच्या फळीवरच्या खिळ्याला अडकवत. इंदुबाईंच्या हातचं पिठलं-भाकरी ताटात काही न टाकता संपवली की किल्ली परत. भाकरी मोडताना हात चुकायला लागला, घास गळ्याखाली उतरेना, की किल्ली खिळ्यावरच राहायची आणि पोरगं पायी घरी. सकाळी दूध आणायला निघालेल्या आया 'मोरणा'समोर कोणाकोणाच्या गाड्या राहिल्यात ते बघून घ्यायच्या. मग त्या त्या घरात चहाबरोबर जे व्हायचं ते व्हायचं.

"गाडी बापाची असती, पोराची न्हाय," तात्याराव म्हणत. "बापाला त्याची गाडी धड मिळाया पाहिजे."

भाजीवाल्याकडे एकदा श्यामलाबाईंनी त्यांना गाठलं होतं. "किल्ली काढून घेता ते ठीक आहे हो. पण मुळात दारू देताच कशाला?"

"म्या न्हाय दिली तर पलीकडचा दील, बाई. त्यो किल्ली घ्यायचा न्हाय." आणि पिशवीत कोथिंबीर टाकून चालू लागले.

मग मुलं शिकली, नोकऱ्यांना लागली. बापाच्या गाड्या जाऊन कर्जावरच्या स्वतःच्या गाड्या आल्या. एकेक पगार असा, की श्यामलाबाईंना वर्षभरात मिळाला नसता. तरी शनिवारी हीच मुलं येऊन तात्यांच्या हातावर निमूट किल्ली ठेवायची. आता मालकाने जागा बिल्डरला दिली होती. वर ऑफिसं, खाली कॉफीचं दुकान.

खाली गाडी वाजली. पूर्वा उडी मारून उठली.

चेतन आत आला तो हसतच. कपाळाला गुलाल. दाराच्या चौकटीला हात टेकवून बूट काढायला लागला आणि न काढताच थांबला. "चल पूर्वा, निघू या."

श्यामलाबाईंना वास आला. "तू गाडी घेऊन आलास?"

"नाही, विमान."

"चेतन, तात्यांनी किल्ली दिली कशी?"

"अगं, ऐक तर गंमत!" तो सोफ्यावर बसला. "आम्ही सगळ्यांनी मिळून तात्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी, सगळं. आमच्यातल्या अनिरुद्धने भाषण केलं. म्हातारा इतका गहिवरला! म्हणाला, माझ्याकडं तुमाला द्यायला काय हाय? मग आत गेला, ताट आणलं, हळदकुंकू लावलं आणि खिळ्यावरच्या सगळ्या किल्ल्या त्यात घालून एकेकाला मानाने परत दिल्या. सुपारीसकट! भाकरी नाही, काही नाही. म्हणजे आज आम्ही पास झालो, आई."

एवढी वर्षं ज्या माणसाने कोणाला भीक घातली नाही, तो एका शालीपुढे विरघळला. सत्काराची परतफेड करायची म्हणून हातातलं होतं तेवढं वाटून बसला.

"खिचडी खा, थोडा वेळ पड, मग जा."

"मी ठीक आहे."

"संध्याकाळी जा."

"आई, शिकवणी नको. मी रोज चालवतो गाडी." त्याने पूर्वाचा हात धरला. "चल गं, पुढे बस."

श्यामलाबाई दारात उभ्या राहिल्या. नातीसमोर तिच्या बापाला दारुडा म्हणायचं? आणि तसं म्हणायचं नाही, तर काय सांगून अडवायचं?

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. तात्याराव वर येत होते. खांद्यावर नवी कोरी शाल, पगडी काखेत, पायात काही नाही. इतक्या वर्षांत ते या घरी पहिल्यांदाच येत होते.

"चेतनभाऊ, किल्ली द्या."

चेतनला हसू आलं. "तात्या, दुकान बंद झालं ना? आता कसली किल्ली?"

"माझं चुकलं. द्या म्हंतो."

"सत्कार केला तो परत घेऊ का मग?"

"घ्या की! शाल घ्या, नारळ फोडला न्हाय अजून, त्योबी घ्या. किल्ली आना." त्यांनी खरोखरच शाल काढून सोफ्यावर ठेवली. "बाकीच्यांच्या किल्ल्या माघारी घेऊन त्यास्नी भाकर खायाला लावली. तुमीच तेवढं निसटला."

"मी लहान नाहीये, तात्या." चेतनचा आवाज चढला. "माझी गाडी, माझी मुलगी. तुमचा संबंध काय?"

पूर्वा बापाच्या तोंडाकडे बघत होती. तिने हळूच हात सोडवून घेतला, कारण तो दुखत होता.

तेवढं श्यामलाबाईंनी पाहिलं. "पूर्वा आज माझ्याकडे राहणार आहे," त्या म्हणाल्या. "पूर्वा, बूट काढ आणि आत जा."

"आई—"

"तुला जायचं असेल तर जा. ती येणार नाही."

चेतन ताडकन निघाला. दोन पायऱ्या उतरला आणि कठडा धरून तिथेच खाली बसला. तात्याराव शेजारी टेकले. त्यांनी हात पुढे केला. शेवटी चेतनने खिशातून किल्ली काढली, हळदकुंकवाने माखलेली, आणि त्यांच्या हातावर टाकली. मग आत येऊन दिवाणावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

श्यामलाबाईंनी चहा टाकला. तात्याराव स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले.

"शनिवारीच येतो ना तो तुमच्याकडे?" श्यामलाबाईंनी विचारलं. पाठ वळवूनच विचारलं.

"सूनबाई परदेशात गेल्यापासनं बहुतेक रोज, बाई. दुपारचाबी यायचा. म्या गाडी मागल्या अंगणात लावून रिक्षा करून द्यायचो. लेकराला न्यायला जातो म्हनायचा, म्हणून तर किल्ली कधी दिली न्हाय."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगाया पायजे होतं. वाटलं, माझ्यापाशी हाय तवर हाय." त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "उद्यापासनं न्हाय की."

दिवाणावरून चेतनचा जड आवाज आला. "आई, कल्याणीला सांगू नकोस. रात्री तिचा फोन येईल तेव्हा मीच बोलतो."

दर रविवारी रात्री तिचा फोन यायचा. कल्याणी विचारायची, "आई, सगळं ठीक ना?" आणि श्यामलाबाई म्हणायच्या, "अगदी मजेत. तू इकडची काळजी करू नकोस." इकडून फोन महाग पडतो म्हणून तिकडूनच यायचा, असं घरात ठरलेलं होतं.

तिकडे आता नुकतं उजाडलं असेल. कल्याणी उठली असेल, एकटी चहा पीत असेल. ती रडेल. नोकरी सोडून येते म्हणेल. कदाचित म्हणेल, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प राहिलात?

"तात्या, तुम्ही जरा पूर्वाजवळ बसता?" त्यांनी विचारलं आणि पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत फोनकडे गेल्या.