सुट्टीपुरती

केनवडच्या स्टँडवर मायनं माझ्या हातात कपड्यांची पिशवी दिली, तेव्हा मी रडत नव्हते. रडत होता माझा धाकटा भाऊ संतोष, कारण पुण्याला मला नेत होते, त्याला नाही. मी त्याला वेडावून दाखवलं आणि एसटीत आत्याशेजारची खिडकी धरली. पाचवीची परीक्षा नुकतीच संपली होती. दप्तर घरी खुंटीला टांगून आले होते. सुट्टीत दप्तर कोण नेतं?

"आत्याच्या लेकराले नीट सांभाळजो," माय खिडकीखालून सांगत होती. "सुट्टीपुरती तं चालली."

बाचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार. या सांबाराला पुण्यात कोथिंबीर म्हणायचं, हे आत्यानं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. उन्हाळ्यात सगळी मोठी माणसं मळ्यात असायची आणि पोरं बांधावर मोकळी. कोणाचा पाय विहिरीकडे वळला की आजूबाजूच्या मळ्यांतून ओरडा यायचा. गाव सोडलेले लोक हे फार गोड करून सांगतात, की तेव्हा अख्खं गाव पोरं सांभाळायचं. गाव ओरडायचं, एवढंच. सांभाळायच्या त्या आठ-दहा वर्षांच्या पोरी, कडेवर भाऊ घेऊन. संतोषला मीच वाढवला. म्हणूनच तर मी आत्याला पसंत पडले.

आत्या कारखान्यात कामाला होती. आधी तिनं बाळासाठी एक बाई ठेवली होती, पण ती बाळाला झोपेचं औषध पाजते असा आत्याला संशय आला. पाळणाघरावरही तिचा भरवसा नव्हता. तिला घरचं माणूस हवं होतं. ते घरचं माणूस म्हणजे अकरा वर्षांची मी.

सकाळी आत्या आणि तिचे मिस्टर कामावर निघाले की बाहेरून कुलूप लावायचे. जमाना खराब आहे, असं आत्या म्हणायची. एकदा गॅसवर बाळाचं दूध ठेवलं, बाळ रडायला लागलं, आणि त्याला खेळवता खेळवता मी दूध विसरले. दूध करपलं, फडकं पेटलं. बादलीभर पाणी ओतून मी ते विझवलं, पण घरभर धूर झाला. बाळाला छातीशी धरून मी गॅलरीच्या जाळीला तोंड लावलं आणि ओरडत राहिले. खालून जाणारे वर बघायचे आणि पुढे जायचे. संध्याकाळी कुलूप उघडताच जळका वास आला आणि आत्या धावत आत आली. "बाळाला काही झालं नाही ना?" तिनं विचारलं. तेवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप लागलं.

जून उजाडला. आत्या म्हणाली, तुमच्याकडच्या शाळा उशिरा उघडतात, अजून वेळ आहे. मग त्याही उघडल्या. बानं शेजाऱ्यांच्या फोनवर सांगितलं, "औंदा राहू दे. आपल्याच माणसात हाये पोरगी, काळजी कायची?" पुढच्या वर्षी आत्याला दुसरं झालं, आणि माझी सुट्टी आणखी वाढली. दहावी मी पुढे बाहेरून दिली, तेव्हा तिकडे संतोषचं कॉलेज संपत आलं होतं.

आता माझं लग्न झालंय, मी पुण्याचीच झालेय. मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते, नवरा कंपनीची बस चालवतो. मुलगा अर्णव पाच वर्षांचा. यंदा शाळेला सुट्टी लागली आणि त्याच सुमारास पाळणाघरवाल्या काकूंनी जाहीर केलं की त्या महिनाभर गावी चालल्या. दोघांच्या ड्युट्या, दारात सुट्टी, आणि पोराला ठेवायचं कुठे? समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाला आत कॅमेरा आणि बाहेरून कुलूप लावून एकट्यालाच ठेवतात. मला ते कुलूप बघवत नाही.

मायचा फोन आला. "एवढंसं लेकरू कुठी ठेवशीन वं? माह्या तं जिवाले घोर लागला." आणि मग म्हणाली, "गौरीले पाठवू काय? पाचवी झाली तिची. सुट्टीपुरती."

गौरी म्हणजे संतोषची मुलगी. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं. घरचं माणूस, अर्णवला जीव लावेल, मला दुकानात धाकधूक राहणार नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. त्या घडीला आत्या मला पहिल्यांदा नीट कळली, आणि तिचा इतका संतापही पहिल्यांदाच आला.

"माय, मले धाडलं तवा नव्हता लागला घोर?" मी विचारलं.

"तू तं आपल्याच माणसात होती," माय म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

तेवढ्यात गौरीनं फोन ओढून घेतला. "आत्या, येऊ न मी? तिथं लिफ्ट हाये म्हंते! पिशवी भरून ठेवली मी!" आवाजात काय आनंद होता. मीही अशीच नाचत निघाले होते.

मी नाही म्हणाले. मग संतोष फोनवर आला. "पोरगी पुणं पाहीन, तुही सोय होईन. नाही कायले म्हणून राह्यली?" मी म्हटलं, "दिवाळीत तू सोबत घेऊन ये, पाहुणी म्हणून. आणि सोबतच घेऊन जा." मागून मायचा आवाज आला, "शयरात जाऊन माणुसकी सुटली हिची." फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

सुट्टी कशीबशी काढली. नवऱ्यानं ड्युटी बदलून सकाळ घेतली, मी दुपार. मधला वेळ अर्णव दुकानाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये बसून चित्रं काढायचा. मालक तोंड वाकडं करायचा. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसलाच प्रकार, पण पोर डोळ्यांसमोर होतं.

जून सरता सरता मी केनवडला फोन लावला. "गौरी कुठी हाये?" मायनं फणकाऱ्यानं उत्तर दिलं, "गेली शाळेत. सहावीत गेली न. तुह्याशी बोलत नाही म्हंते आता."

लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मी अजूनही केनवड सांगते. त्या घरात एक पोरगी माझ्यावर रुसून बसली आहे, आणि सकाळी खुंटीवरचं दप्तर काढून शाळेत जाते आहे. रुसू दे. माझ्या वेळीही त्या घरात कोणीतरी एकानं असं वाईट व्हायला हवं होतं.