रविवारी दहा ते साडेअकरा

वर्ना हुडाकला तिच्या मुलाने दीड तास दिला होता. रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा. तोही तिच्या घरी येऊन नव्हे, तर हॉटेलशेजारच्या नाश्त्याच्या एका ठिकाणी, जिथे म्हणे आधीच टेबल राखून ठेवावं लागतं. सात वर्षांनी पोरगा पिट्सबर्गला येणार, बायकोमुलांना घेऊन येणार, तीन दिवस राहणार आणि आईच्या वाट्याला दीड तास. वर्नाने हे मला अगदी सपाट आवाजात सांगितलं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगायचं तर ती अजून पुरती उतरलेली नाही.

वर्ना माझी शेजारीण. आमच्या टेकडीवरच्या उतरत्या गल्लीत तिचं घर वर, माझं खाली. नवरा एड आधी पोलाद कारखान्यात होता, कारखाना बंद पडल्यावर बस चालवायचा. ती स्वतः शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर राबली. दोघांचे आजे-पणजे स्लोव्हाकियातून आलेले. तिला कुणी गोड बोललेलं चालत नाही, लगेच संशय येतो. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी ती बाजूच्या दाराने थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरली, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या मांस-भाताचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेली. चार दिवसांनी परत आली ती भांडायलाच.

"भांडं परत द्यायला का आली नाहीस?"

"तुम्ही बोलावलं नाहीत ना," मी म्हटलं.

"बोलवायचं? शेजारणीला?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "दार उघडं असतं की गं दिवसभर."

तेव्हापासून मी तिच्या बाजूच्या दाराने जाते. पुढच्या दाराला बेल आहे, पण ती वाजवतात पार्सलवाले, मतं मागणारे आणि पोलीस. आमच्या टेकडीवर आपलं माणूस कुणी बोलवायची वाट बघत नाही. येतं, खुर्ची ओढतं, काय शिजलंय विचारतं.

तर बेत आखला होता सुनेने. टेसा फीनिक्सची. वाळवंटातलं गाव, सगळं सपाट, सगळं नवं. तिने इंटरनेटवर "तीन दिवसांत पिट्सबर्ग" छापाचं काहीबाही वाचून तासातासाचा बेत केला आणि तो वर्नाच्या फोनवर पाठवला. डोंगर चढणारी तारेची गाडी होती, डायनासोरचं संग्रहालय होतं, तळलेले बटाटे आत कोंबलेलं ते सँडविच खायला अख्खी शनिवारची दुपार होती. आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता "चर्चच्या तळघरातला अस्सल फिश फ्राय."

अस्सल. हा शब्द तिचाच.

ईस्टरच्या आधी इथे उपासाचे दिवस असतात. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. म्हणून प्रत्येक चर्चच्या तळघरात मासे तळतात आणि सोबत पिरोगी उकडतात. बटाटा-चीजचं सारण भरून कडा चिमटीने मुडपायच्या, अगदी करंजीसारख्या, मग लोण्यात परतलेल्या कांद्यात लोळवायच्या. सगळं शहर शुक्रवारी रांगेत उभं असतं. आमच्या सेंट ल्युडमिलाच्या तळघरात वर्ना लग्नाआधीपासून पिरोगी मुडपते. तिचा पोरगा ग्रेग तर त्या टेबलाखालीच रांगायला शिकला. आणि टेसाने निवडलं होतं ते नदीपलीकडचं चर्च! कुठल्याशा यादीत ते पहिलं होतं म्हणून.

वर्नाने फोन पुढे केला तेव्हा आम्ही सगळ्या जणी तळघरात बुधवारचं पीठ लाटत होतो. मी वाचून दाखवलं. लाटणी थांबली.

"नदीपलीकडे?" आग्नेस म्हणाली. ती पीठ मळते, वयाने सगळ्यांत मोठी. "त्यांचं आवरण बुटाच्या तळव्यासारखं असतं."

"तू कधी खाल्लंस?" मी विचारलं.

"मी कशाला पूल ओलांडून जाऊ मरायला? सांगतात लोक."

"आणि रविवारी दहाला काय?" कढईवरचा स्टॅन तिकडून ओरडला. "दहाला तर प्रार्थना असते. वर्ना गाते ना दहाला."

हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. एडच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशीही वर्नाने दहाची प्रार्थना चुकवली नव्हती. ग्रेगला हे ठाऊक नव्हतं? लहानपणी प्रत्येक रविवारी केस चापून बसवून तिने त्याला पहिल्या बाकावर बसवलं होतं. बायको तो बेत लिहीत असताना हा काय भिंतीकडे बघत होता?

"फोन कर आणि सांग, घरी या म्हणून," आग्नेस म्हणाली.

"कुणाला? ग्रेगला?" वर्नाने कणकेच्या हातानेच फोन उचलला. "त्याला मी बोलवायचं?" आणि तिने सुनेला उलट काय पाठवलं असेल? अंगठा. पिवळा, वर केलेला अंगठा. मग फोन एप्रनच्या खिशात टाकून ती पुन्हा कडा मुडपायला लागली, इतक्या जोरात की त्यातल्या कित्येक उकळताना फुटल्या.

मला राहवलं नाही. मी चोंबडी आहे असं टेकडीवर सगळे म्हणतात, म्हणोत. वर्नाच्या फोनमधून मी टेसाचा नंबर घेतला आणि घरी येऊन तिला फोन लावला. काय काय सुनवायचं ते घोकूनच ठेवलं होतं. नातवंडांना आजीपेक्षा डायनासोर जवळचे का, इथपासून सुरुवात केली.

तिने मधे तोंड घातलं नाही. मी दम खाल्ला तेव्हा म्हणाली, "तुमची माझी ओळख नाही, पण एक विचारू? सात वर्षांत त्यांनी आम्हाला एकदा तरी 'या' म्हटलंय का?"

"म्हणजे?"

"दर वर्षी मी विचारते, आम्ही आलो तर चालेल का? त्या म्हणतात, तुम्हाला काय करायचं ते करा. आमच्याकडे याचा अर्थ नका येऊ असाच होतो." मग पुढे म्हणाली, "सासरे गेले तेव्हा माइल्सला कडेवर घेऊन मी पुढच्या दारात बेल वाजवत उभी होते. बर्फ पडत होता. दार उघडून त्या म्हणाल्या, बेल कसली वाजवतेस? घर माणसांनी भरलेलं. राहा, असं कुणी म्हटलं नाही. आम्ही हॉटेलात गेलो. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात घुसायचं नाही असं मला शिकवलंय."

माझ्या घोकलेल्या वाक्यांचं काय करावं ते मला कळेना. "ग्रेग काय म्हणतो?"

"तो म्हणतो, आई तशीच आहे."

आई तशीच आहे! म्हणजे याला सगळं कळत होतं. आईच्या "काय करायचं ते करा"चा अर्थ "विचारतोस काय, ये" असा होतो, हे त्या घरात वाढलेल्याला कळत नाही असं कसं होईल? आणि बायको "या" या एका शब्दासाठी अडून बसलीय, हेही त्याला दिसत होतं. दोन्हीकडची रीत जाणणारा माणूस अख्ख्या घरात एकच, आणि नेमकं त्याच्या तोंडाला कुलूप. कुणाचीच बाजू घ्यायला नको, कुणाशीच वाईटपणा नको. असल्या पुरुषांना लोक गरीब स्वभावाचे म्हणतात. मला विचाराल तर तो निव्वळ आळस आहे.

संध्याकाळी मी बाजूच्या दाराने वर्नाकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. "एक वाक्य बोल. घरी या, इतकंच."

"आमंत्रण पाहिजे तिला?"

"पाहिजे. तिची रीत आहे ती."

"मग बसू दे तिला हॉटेलात." वर्ना कांदा चिरत होती, सुरी थांबली नाही. "एडच्या साहेबाला आमंत्रण दिलं होतं आम्ही. पाद्रीबाबांना देतो. परक्यांना देतात, कुमी. मी बोलावलं आणि ग्रेग आला, तर तो पाहुणा झाला. मग मुलगा कुठे राहिला माझा?"

मला राग आला, पण आता तो नेमका कुणावर काढावा हेच कळेना. एकीला बोलावल्याशिवाय यायचं नव्हतं, दुसरीला बोलवायचं नव्हतं, दहाची प्रार्थना ती चुकवणार नव्हती, आणि दोन पोरं आजीला न बघताच परत जाणार होती. धाकट्या ज्यूनला वर्नाने पाहिलं ते एकदाच, तिच्या जन्माच्या वेळी फीनिक्सला गेली होती तेव्हा. त्यानंतर फक्त फोनच्या पडद्यावर. वर्ना सत्तरीच्या पुढे गेलेली. पुढचा बेत आणखी सात वर्षांनी आखला तर?

शुक्रवारी चारपासूनच तळघर भरलं. जिन्यावरून रांग रस्त्यापर्यंत गेली. वर्ना नेहमीसारखी वाढायच्या खिडकीशी, हातात लोणी-कांद्याचा डाव. मी शेजारी कोबीची कोशिंबीर भरत होते. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. एकाच्या ताटात दोनदा कांदा घातला. पाच वाजले आणि तिने डाव खाली ठेवला.

"स्टॅन, खिडकी सांभाळ."

स्टॅनने कढईवरून मान वर केली. ऐन गर्दीत वर्ना हुडाक खिडकी सोडते, हे कुणी पाहिलं नव्हतं. "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," वर्ना म्हणाली आणि एप्रनची गाठ सोडायला लागली. ती सुटेना, तेव्हा तशीच वर कोट घालून निघाली. "कुमी, गाडी काढ."

"कुठे?"

"पलीकडे."

आमच्या टेकडीवरची माणसं दवाखान्यासाठी आणि अंत्यविधीसाठी पूल ओलांडतात, एरवी नाही. पुलावर वर्ना एकदाच बोलली. "यांची रांग आपल्याहून मोठी असली तर मला सांगू नकोस." मी सांगितलं नाही, पण ती मोठीच होती.

रांगेतून आत घुसताना लोक चिडले. वर्नाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते चौघे मागच्या लांब टेबलाशी बसले होते. ग्रेगने आईला बघितलं आणि त्याच्या हातातला काटा तसाच राहिला. टेसा अर्धवट उठली. छोट्या ज्यूनने वर्नाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पडद्यावरची ओळख पटवली आणि म्हणाली,

"तू आजी ना? पण तू तर रविवारी आहेस."

ग्रेगने काटा खाली ठेवला.

"मी रोज असते," वर्ना म्हणाली.

तिने खुर्ची ओढली नाही. उभ्याउभ्याच माइल्सच्या ताटातली एक पिरोगी उचलली, चावली, गिळली. "सारण बरं आहे. कड जाड." मग तिने मुलाकडे मोर्चा वळवला. "आणि तू. हिला काय हवंय ते तुला माहीत होतं. मला काय कळत नाही तेही माहीत होतं. सात वर्षं गप्प बसलास."

"आई, मला वाटलं, उगाच कशाला..."

"सात वर्षं, ग्रेग. हिने मला दुष्ट समजावं आणि मी हिला शिष्ट. तुझं मात्र सगळ्यांशी चांगलं."

शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली होती. ग्रेगचे कान लाल झाले. बरं झालं, असंच मला वाटलं. टेसाने रुमालाने हात पुसले आणि वर्नाकडे बघून, प्रत्येक शब्द जपून म्हणाली, "वर्ना, तुम्ही आम्हाला घरी बोलावताय का?"

मी मनात म्हटलं, म्हण आता, बाई, हो म्हण. वर्नाने हनुवटी वर केली.

"नाही," ती म्हणाली. "बोलवायला नाही आले. न्यायला आलेय."

टेसाने रुमाल टेबलावर टाकला. मग खाली वाकून तिने ज्यूनचा हात कोटाच्या बाहीत घातला.

"पण हॉटेल?" ग्रेग म्हणाला. "सामान तिथे आहे, आणि उद्या सकाळी आपलं ठरलंय की..."

"ग्रेग," टेसा वर न बघता म्हणाली, "कोट घाल."

त्याने घातला.